डब्ल्यूडी-४०: जाम झालेल्या जुन्या ग्रिलवर वापरून, पावसाळा काढून झाल्यावर

उन्हाळ्यात गच्चीवरची जुनी कोळशाची ग्रिल उघडायला घेतली तेव्हा सियागंज बाजारातून हा फवारायच्या तेलाचा डबा आणला होता, आता इंदूरचा अख्खा पावसाळा झाला म्हणून लिहितोय. माल चांगलाच आहे, पण मुळात १९५३ मध्ये तो बनवला पाणी हटवून गंज टाळायला, जाम नट सोडवणं हे त्याचं जास्तीचं काम, त्यामुळे त्याला वेळ द्यावाच लागतो.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून नट-बोल्टचे आटे एकमेकांत गच्च आवळून बसतात. फवारून लगेच पाना लावला की डोकं गोल होतं, नाहीतर बोल्टच तुटतो. तारेच्या ब्रशनं घासा, फवारा, नटच्या कडांवर हातोडीचे हलके ठोके द्या आणि रात्रभर सोडा. ८ एमएमच्या बोल्टला १३ चा रिंग पानाच लावा, उघड्या तोंडाचा (ओपन) नको. आधी किंचित आवळायचं, कट् आवाज आला की थोडं सैल, परत आवळा, परत सैल, असं करत आट्यांतून तेलकट तपकिरी चिखल बाहेर यायला लागला ना की समजा जमलं.

बिजागरीचे बोल्ट मात्र एवढ्यानं हललेच नाहीत. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्या काकांनी सांगितलं तसं तेल नीट पुसून (पेट घेतं ते, विसरू नका) गॅसच्या टॉर्चनं फक्त नट तापवला, टॉर्च बंद करून कडेला मेणबत्ती टेकवली, मेण आत ओढलं गेलं आणि नट फिरला! जस्ताचा मुलामा असेल तर तापवू नका हं, तो धूर वाईट.

आता महिन्यांनंतरचं. नुसतं स्प्रे मारून बसवलेल्या पायांच्या बोल्टांवर पावसाळ्यात परत गंज धरला, कारण पातळ भाग उडून जातो आणि मागे उरतो तो थर उघड्यावर टिकत नाही. बिजागरीला तांब्याचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावलं होतं, ते नट परवा पान्याच्या एका झटक्यात सुटले. आगीजवळ साधं ग्रीस जळून जातं, तिथे हेच लावा, फक्त जाळीला आणि खाण्याला लागेल तिथे नको. आणि भुट्टे ठेवायच्या आधी एकदा रिकामी ग्रिल चांगली पेटवून तेल जाळून टाका.

डबा परत घेणार, पण सोडवायला. बसवताना अँटी-सीझच. घेताना बारीक नळीवाला घ्या, नाहीतर अर्धं तेल बाहेरच उडतं.