लातूरच्या पडद्यावर परग्रहवासी

लातूरमधील एका जुन्या एकपडदा चित्रपटगृहात रोलंड एमरिक यांचा, परग्रहवासीयांच्या पृथ्वीवरील हल्ल्यावरचा ‘इंडिपेंडन्स डे’ (१९९६) हा अमेरिकी चित्रपट हिंदी आवाजात पुन्हा पाहायला मिळाला. पडदा भव्य आहे, मात्र ध्वनियंत्रणा इतकी खरखरते की राष्ट्राध्यक्षांच्या गाजलेल्या भाषणातील निम्मी वाक्ये अंदाजानेच समजून घ्यावी लागली. उपग्रहांचा भरवसा उरलेला नसताना टिंब-रेघांच्या जुन्या मोर्स संकेतांनी जगभरच्या सैन्यांना एकाच वेळी हल्ल्याचा निरोप जातो, हा मानवी एकजुटीचा सर्वांत पटणारा प्रसंग होय. एरवी अमेरिकेने हाक द्यायची आणि इतरांनी मान डोलवायची, एवढीच ती एकजूट आहे. सर्वाधिक शिट्ट्या मिळाल्या त्या पिकांवर फवारणी करणाऱ्या, सगळ्यांनी वेड्यात काढलेल्या वैमानिकाला. आपले विमान थेट शत्रूच्या तोफेत घालून तो यानाचा नाश करतो, तेव्हा पुढच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. (सोयाबीनच्या शिवारात पाठीवर पंप वागवणाऱ्यांना तो आपला वाटला, यात नवल नाही.) मागच्या खुर्च्यांच्या स्प्रिंगा टोचतात, त्यामुळे बाल्कनीचे तिकीट काढावे. मध्यंतरातील भजी गरम आणि चांगली होती.