भाड्याचा फ्लॅट आधी स्वतः बघितला, मग एजंटकडे दिला: १४ महिन्यांनंतरचा अनुभव

चार वर्षं आमचा भाड्याचा फ्लॅट मीच बघत होते, म्हणजे भाडेकरू शोधण्यापासून ते नळ गळतोय म्हणून प्लंबर पाठवण्यापर्यंत सगळं, आणि गेले १४ महिने तो पूर्ण एजंटकडे आहे. दोन्ही करून झालंय म्हणून लिहितेय, कारण मी विचारत होते तेव्हा कुणी म्हणायचं एजंट म्हणजे पैसे पाण्यात, कुणी म्हणायचं एजंटला दे आणि निवांत राहा, आणि माझं दोन्हीतलं काहीच झालं नाही.

आधी पैशाचं. आमचा एजंट भाड्याच्या १० टक्के घेतो, म्हणजे वर्षाला सव्वा महिन्याच्या आसपास भाडं गेलं, नवीन भाडेकरू आणला की त्याची फी वेगळी. ऐकून पोटात गोळा आला होता. पण मागचा हिशोब काढला तर माझ्याकडे असताना एकदा फ्लॅट अडीच महिने रिकामा पडला होता, कारण मला सुट्टीच्या दिवशीच दाखवायला जमायचं आणि तोवर लोक दुसरीकडे टोकन देऊन मोकळे व्हायचे. अडीच महिने म्हणजे दोन वर्षांचं कमिशन तिथेच गेलं. एजंटने आधीचा भाडेकरू नोटीसवर असतानाच घर दाखवायला सुरुवात केली आणि रिकामं झाल्यावर १२ दिवसांत नवीन लोक राहायला आले.

भाडं मागणं मला कधी जमलंच नाही. माझ्या वेळच्या एका भाडेकरूची नोकरी गेली, माणसं चांगली होती, मी म्हटलं बघा जमेल तसं द्या, आणि बघता बघता थकबाकी डिपॉझिटच्या वर गेली, मग तेही फोन उचलेनात आणि मलाही करावासा वाटेना, शेवटी ते न बोलताच चावी ठेवून गेले. ते अजून मनाला लागून आहे. पहिल्याच महिन्यात बसून हप्ते ठरवून लिहून घेतलं असतं तर ही वेळ आली नसती. यंदा एकदा भाडं लांबलं तेव्हा एजंटने दुसऱ्याच दिवशी फोन केला, दोन हप्ते ठरवले, मेलवर घेतलं, विषय संपला.

नवीन भाडेकरूला घर ताब्यात देतानाचा हँडओव्हरही एजंटने व्यवस्थित केला. तारखेसकट ऐंशीएक फोटो, मीटर रीडिंग, चाव्या किती, भिंतीवर आधीचे डाग कुठे, सगळ्यावर दोघांच्या सह्या. मी हे तोंडी करायचे.

आता दुरुस्त्यांचं, आणि इथेच माझं डोकं फिरलं. 'किचन सिंक गळती' असं बिल आलं, भाड्यातून कापलं गेलं. सात आठवड्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आलं तेव्हा फोटो मागितला तर बादलीचा एक धूसर फोटो आला, मग मी स्वतःच गेले. भाडेकरू ताईंनी सिंकखालचं कपाट उघडून दाखवलं, तळाची फळी फुगून कडेने सुटली होती, बोट दाबलं की आत जात होतं आणि कुबट वास. जॉइंटखाली पातेलं ठेवून त्या रोज रात्री ते ओतत होत्या, तीनदा कळवलं म्हणाल्या. माझ्या जुन्या प्लंबरला नेलं, त्याने बघताक्षणी सांगितलं की पाइप आखूड पडलाय म्हणून जॉइंट तिरका ओढला जातोय, आणि सगळ्यांनी वरून टेप गुंडाळलीय, पण या जॉइंटचं पाणी आतला रबरी वॉशर अडवतो, टेप नाही. पाइपचा तुकडा आणि वॉशर बदलला, अर्ध्या तासात काम झालं.

एजंटने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे ढिगाने फ्लॅट आहेत, तक्रार आली की माणूस पाठवतो, बिल आलं की तक्रार बंद, कपाटात वाकून बघणारं कुणी नाही. आणि ठराविक रकमेच्या आतल्या दुरुस्तीला मला विचारायची गरज नाही या कलमावर सही माझीच होती. त्यामुळे अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करताना ती मर्यादा निम्म्यावर आणली, कामाच्या आधीचा आणि नंतरचा फोटो आल्याशिवाय बिल कापायचं नाही, एकच तक्रार दुसऱ्यांदा आली तर मला फोन, आणि प्लंबर, इलेक्ट्रिशियन माझे. दुरुस्तीच्या बिलावर ते स्वतःचं मार्जिन लावतात का हेही लेखी विचारा, बरेच जण लावतात. एजंटला सोडायचं कलम तर नक्की वाचा, आमच्यात त्यांनी आणलेला भाडेकरू राहतोय तोवर कमिशन चालूच असं होतं, ते भांडून काढायला लावलं.

घर जवळ असेल, एकच असेल आणि भाडेकरू टिकणारे असतील तर माझ्या मते फक्त भाडेकरू शोधणं आणि कागदपत्रं एजंटला द्यावीत, बाकी स्वतः बघावं. लांब राहत असाल किंवा माझ्यासारखं पैसे मागायला जड जात असेल तर १० टक्के द्या, पण सहा महिन्यांतून एकदा स्वतः जाऊन या.

गेल्या आठवड्यात मी गेले होते, आधी सिंकखालचं कपाट उघडलं. कोरडं होतं. फळी तेवढी बदलायची राहिलीय, माप घेऊन आलेय.