मॅनिम कम्युनिटी: गणिताच्या व्हिडिओसाठी उत्तम, पण आधी कागदावर आखणी हवी

‘थ्री ब्लू वन ब्राउन’ हे गणिताचं यूट्यूब चॅनल चालवणाऱ्या ग्रँट सँडरसन यांच्या मूळ मॅनिममधून २०२० साली वेगळी झालेली, कोड लिहून अ‍ॅनिमेशन बनवण्याची ही मोफत पायथन लायब्ररी. उच्च गणितासाठी हिच्याइतकं नेमकं साधन दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे. मात्र थेट कोड लिहायला बसलात तर आठवडा वाया जाईल. आधी निवेदन लिहून रेकॉर्ड करा, मग प्रत्येक वाक्यासमोर पडद्यावर काय हलणार ते मांडा. अ‍ॅनिमेशनची लांबी आवाजावरून ठरते, उलट केलं की सगळं रखडतं.

फूरिये श्रेणीचंच घ्या, म्हणजे साइन-कोसाइन तरंगांची बेरीज करून एखादा तरंग उभा करणं. चौकोनी तरंगासाठी आधी १, मग ३, मग ५ एवढ्याच संज्ञा (बेरजेतले तरंग) दाखवून थांबलात, तर तरंग एकदम उडी घेतो त्या कडेवर वर आलेलं टोक पुढे नाहीसं होतं असा गैरसमज होईल. निदान ५० संज्ञांपर्यंत जा: टोक अरुंद होतं, पण त्याची उंची उडीच्या साधारण ९ टक्क्यांवरच टिकते. इथेच मॅनिमची मोठी खोच आहे. आलेख आपोआप गुळगुळीत केला जातो, त्यामुळे मूळ चौकोनी तरंगालाही उडीपाशी खोटे फुगवटे येऊ शकतात. ते स्मूदिंग बंद करा, खंडित बिंदू (जिथे उडी आहे ते) वेगळे सांगा आणि नमुनाबिंदू वाढवा.

मराठी मजकूर समीकरणासाठीच्या क्लासमध्ये (कोडमधल्या MathTex मध्ये) टाकू नका, समीकरणं मांडणारी नेहमीची लाटेक प्रणाली तिथे अडते. साध्या मजकुरासाठीच्या Text क्लासमध्ये देवनागरी फॉन्ट दिला की जोडाक्षरं नीट उमटतात. व्हिडिओची चाचणी कमी दर्जाच्या ४८० पिक्सेलवरच घ्या.