पाण्याविना घटिकापात्र : अंतराळचित्रांचे एक प्रदर्शन

प्रभात रस्त्यालगतच्या एका छोट्या कलादालनात सध्या अंतराळविषयक अतिवास्तववादी तैलचित्रे मांडली आहेत आणि संध्याकाळी चित्रकर्ती स्वतः प्रेक्षकांना त्यांतील प्रतीके उलगडून सांगतात. तेथे आवर्जून जावे ते दर्शनी भिंतीवरच्या सर्वांत मोठ्या चित्रासाठी. काळ्याभोर पोकळीत जुन्या पुणेरी वाड्याचा चौक तरंगतो आहे, त्यातल्या दगडी हौदात मृग नक्षत्र उतरले आहे आणि हौदाच्या वर, पाण्याचा स्पर्शही न झालेले तांब्याचे घटिकापात्र अधांतरी थांबले आहे.

लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी वापरत ते हे पात्र. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी आत शिरते आणि २४ मिनिटांनी, म्हणजे एका घटिकेने, ते बुडते. ज्या ठिकाणी वर आणि खाली असे काही उरतच नाही तिथे ते बुडणार कसे आणि वेळ मोजायची कशाने, हा चित्रकर्तींचा प्रश्न आहे. मृगातल्या काक्षी या ताऱ्याचा प्रकाश काहीशे वर्षांपूर्वी निघालेला, तर देवयानी या दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या प्रचंड समूहाचा, सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीचा, आणि तरीही दोन्ही आपल्या डोळ्यांत एकाच क्षणी पोहोचतात. म्हणून हौदात त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी रंगवले आहेत. हे ऐकल्यावर पात्राच्या काठावरचा हिरवट कळंक किती जपून रंगवला आहे, याकडे प्रथमच लक्ष गेले.

रंगांविषयीचे त्यांचे विवेचन मला त्याहूनही मोलाचे वाटले. लाल म्हणजे उष्ण आणि निळा म्हणजे थंड, हा आपला रोजचा समज ताऱ्यांच्या बाबतीत उलटा ठरतो, कारण तांबूस काक्षीचे पृष्ठतापमान मृगातल्याच निळसर राजन्य ताऱ्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. त्यामुळे चित्रात राजन्याकडच्या भिंतीचा गिलावा पोपडे धरून सुटला आहे आणि काक्षीकडच्या कोनाड्यात तुळशीचे रोप हिरवेगार आहे.

अंतराळवीराच्या शिरस्त्राणातून उगवणाऱ्या वडाचे स्पष्टीकरण मात्र ओढूनताणून आणलेले वाटले. ते चित्र बोलत नाही आणि शब्दांनी ती उणीव भरून निघत नाही. शिवाय दिव्यांची तिरीप थेट वॉर्निशवर पडत असल्याने मोठ्या चित्राचा डावा कोपरा समोरून दिसतच नाही. तो भिंतीच्या कडेला उभे राहून पाहावा, कारण देवयानी तिथेच आहे. शक्य झाल्यास विवेचन सुरू होण्याच्या अर्धा तास आधी जाऊन चित्रे एकट्याने पाहून घ्यावीत.