पन्नाशीत शेफ व्हायला निघालेल्यांना कुठे आणि कसं गंडवतात

उशिरा व्यावसायिक स्वयंपाकाकडे वळणाऱ्या माणसाकडे साठवलेले पैसे असतात आणि ‘आता वेळ उरला नाही’ ही धास्तीही असते. गंडवणारा पैशांपर्यंत पोचतो तो या धास्तीच्या वाटेने. विशीतल्या पोराला तो ‘दोन वर्षांत शेफ’ विकतो, तुम्हाला ‘आठ आठवड्यांत’.

सुरुवात फुकटच्या डेमोने होते. उंच टोपी, चकचकीत टेबल, वाट्यांमध्ये आधीच चिरून-मोजून ठेवलेलं सामान. वीस मिनिटांत ताट सजतं आणि लगेच कानावर येतं, ‘आज भरलं तर सवलत’. फी एकरकमी मागतात. तोंडाने ‘नोकरीची हमी’ म्हणतात, कागदावर मात्र ‘नोकरी मिळवण्यासाठी साहाय्य’ असं छापलेलं असतं. साहाय्य म्हणजे दोन-चार फोन नंबर दिले तरी त्यांची जबाबदारी संपली. सही करण्याआधी परताव्याचं कलम शोधा. ते नसेल किंवा ‘भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ असं असेल, तर बाकीचा कागद वाचायची गरज नाही.

मग हिशेब करा. तो कोणी करून देत नाही. वर्गात 24 जण, चालू बर्नर 4, रोजचा वर्ग 3 तासांचा. चार बर्नरचे मिळून 12 तास होतात आणि ते 24 जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास येतो. आठवड्याला पाच दिवस आणि आठ आठवडे धरले, तर आचेसमोरचा तुमचा एकूण वेळ 20 तास. चालत्या किचनमधल्या दोन लांब पाळ्या, बस. सुरीचंही तेच. सहा जणांत एक पदार्थ करायचा असेल तर एकेकाला चिरायला दोन बटाटे मिळतात. सारख्या मापाचे 3 मिलिमीटरचे तुकडे करायला हाताला वळण लागतं, आणि ते वळण दहा-दहा किलो चिरल्याशिवाय लागत नाही. म्हणून प्रवेशापूर्वी विचारा: माणशी बर्नर किती, माणशी कच्चा माल किती, आणि चालू वर्ग मागे उभं राहून बघू देता का? तिसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली की समजून जा.

शिकवणाऱ्याने मोठ्या किचनमध्ये खरंच काम केलंय का, हे प्रशस्तिपत्रांवरून कळत नाही. त्याला एक प्रश्न विचारा: ‘संध्याकाळी 20 लिटर गरम सूप उरलं, उद्या वापरायचंय, काय कराल?’ ‘निवलं की फ्रीजमध्ये ठेवायचं’ असं उत्तर आलं तर उठा. एवढं मोठं पातेलं मध्यभागी रात्रभर कोमटच राहतं. बॅसिलस सेरेयस आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूंचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि त्या कोमटपणात वाढतात. अमेरिकी फूड कोड या अन्नसुरक्षेच्या नियमावलीप्रमाणे शिजलेलं अन्न 57 अंश सेल्सिअसवरून 21 वर दोन तासांत आणि 5 अंशांवर एकूण सहा तासांत यायला हवं. त्यासाठी सूप पसरट ट्रेमध्ये पाचेक सेंटिमीटर खोलीपर्यंत ओततात, किंवा भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहतात. ज्याने हे केलंय तो न थांबता सांगतो, वर झाकण कधी ठेवायचं तेही सांगतो.

दुसरा प्रश्न प्रमाण वाढवण्याचा. चौघांची कृती शंभरांसाठी करताना सगळं सरसकट पंचवीसपट करायला शिकवत असतील तर तो माणूस घरगुती स्वयंपाकच करत आलाय. मोठ्या भांड्यात आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी असतो, वाफ कमी जाते, त्यामुळे पंचवीसपट पाण्यात रस्सा पातळ आणि फिका होतो. तापायला नि निवायला वेळ जास्त लागतो, तेवढ्यात भाज्या गळून जातात. पाणी कमीच घ्यायचं, मीठ-मसाला शेवटी चव बघून पुरा करायचा.

आणखी एक खूण. प्रामाणिक माणूस तुमच्या गुडघ्यांबद्दल विचारतो. पाळीत आठ-दहा तास उभं राहणं, भांड्याच्या वजनासकट वीस किलोच्या वर जाणारं सूपचं पातेलं उचलणं, मनगटाचं दुखणं, भाजणं हे सगळं तो आधी सांगतो. गंडवणारा फक्त तुमच्या ‘पॅशन’चं कौतुक करतो.

कोर्स संपला की पुढचा गळ ‘इंटर्नशिप’चा. त्यासाठीही पैसे मागतात, आणि मग तीन महिने फुकट सोलणं-घासणं. चाचणीसाठी एक पाळी पुरते. सुरी कशी धरता, जागा पुसून ठेवता का, चव घ्यायला दर वेळी स्वच्छ चमचा घेता का, हे तेवढ्यात दिसतं. ‘ट्रायल’ दुसऱ्या आठवड्यात गेली की ती बिनपगारी मजुरी. मुदत आणि मोबदला पहिल्या दिवसाआधी लिहून घ्या.

परदेशातल्या किचनची नोकरी देतो म्हणून आगाऊ शुल्क मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या करार क्रमांक 181 मध्ये, कलम 7 नुसार, खासगी भरती एजन्सीने कामगाराकडून शुल्क घेऊ नये असं तत्त्व आहे. ‘आधी पर्यटक व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ’ असं कोणी म्हणालं तर तिथून पुढे ऐकूच नका.

मुरलेल्या हातांच्या लोकांना भागीदारीचा चकवा देतात: ‘मेनूसाठी तुमच्या दहा पाककृती ग्रॅमसकट द्या, मग करार करू.’ पाककृती जातात, करार येत नाही. नुसत्या घटकांच्या यादीला बहुतेक ठिकाणी कॉपीराइटचं संरक्षण नसतं, त्यामुळे नंतर भांडायला हातात काही उरत नाही. चाखायला द्या, वजनं देऊ नका.

पैसे गेलेच असतील तर पहिल्या दिवशी जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट तारखेसह काढा, कारण जाहिरात लवकर उतरते. पुढचे हप्ते थांबवा आणि थांबवल्याचं लेखी कळवा. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घ्यायला ठरावीक मुदतच मिळते. संस्थेचे ‘पुढच्या बॅचमध्ये समावून घेऊ’ हे निरोप बरेचदा ती मुदत उलटेपर्यंतच येत राहतात.