मेल्यावर तोंड बंद: भुताच्या को-ऑप गेममधला काही महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. चौघांनी मिळून खेळायच्या हॉरर गेममध्ये मेलेल्यानं जिवंतांशी बोलू नये. पण नुसतं "गप बस" म्हणून भागत नाही. मेलेल्यांना आपसात बोलायला जागा हवी आणि वाट बघायचा वेळ आटोक्यात हवा. या दोनपैकी एक जरी नसलं तरी नियम आठवड्याभरात मोडतो. लातूर, नांदेड, परभणी आणि संभाजीनगर अशा चार ठिकाणी बसून खेळणाऱ्या आमच्या ग्रुपनं हा नियम तीन गेममध्ये वापरलाय: फॅस्मोफोबिया (घरातलं भूत कुठलं ते ओळखायचं), लीथल कंपनी (राक्षसांच्या जागेतून भंगार गोळा करून जहाजावर आणायचं) आणि रेपो (राक्षसांना चुकवत किमती माल बाहेर काढायचा).

मुळात हा प्रश्न येतो कुठून? गेमवाल्यांनी तर तो सोडवलेलाच असतो. फॅस्मोफोबिया २०२० सालचा, लीथल कंपनी २०२३ चा. दोन्हींत मेलेल्याला जिवंतांचं ऐकू येतं, पण जिवंतांना त्याचं ऐकू जात नाही. मेलेले एकमेकांशी मात्र बोलू शकतात. भानगड होते ती आपण बाजूला डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर कॉल चालू ठेवतो म्हणून. गेमनं बंद केलेलं तोंड कॉलवर उघडं राहतं आणि मेलेला माणूस बिनपगारी कोच होऊन बसतो: "डावीकडं वळ, दारामागं हाय! कामून थांबलास?"

यात नुकसान काय, तर सगळ्यात आधी शांततेची किंमत जाते. लीथल कंपनीत माणूस मेला की त्याचा आवाज अर्ध्या शब्दात तुटतो. वॉकीटॉकीवर "अरे इकडं काहीतरी..." एवढंच येतं आणि पुढं काही नाही. मेला, बॅटरी संपली, की त्यानं बटण सोडलं? ते बघायला कुणीतरी आत जायचं का, हा निर्णय म्हणजेच गेम. कॉलवर लगेच "मेलो रे, जिन्यापाशी" असं कळलं की निर्णय घ्यायला काही उरतच नाही.

दुसरं नुकसान फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. बाहेरच्या कॉलमुळं राक्षस बहिरा होतो. लीथल कंपनीतला बिनडोळ्यांचा कुत्रा आवाजावर येतो आणि त्या आवाजात गेमच्या माइकवरचं, म्हणजे गेममधूनच एकमेकांशी केलेलं, बोलणंही धरलेलं असतं. फॅस्मोफोबियात हंट, म्हणजे भुताची शिकार, चालू असताना भूत बोलण्याकडं आणि चालू असलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंकडं ओढलं जातं. गेमचा माइक बंद ठेवून सगळं बोलणं कॉलवर केलं, की कुत्र्याशेजारी उभं राहून बिनधास्त गप्पा मारता येतात. म्हणून मेलेल्यांचा नियम लावायच्या आधी जिवंतांनी गेमच्या माइकवर यायला हवं. हे न करता फक्त मेलेल्यांना गप्प करणं म्हणजे अर्धवट काम.

टिकलेली जोडणी अशी. डिस्कॉर्डवर एकच व्हॉइस चॅनल, नाव "मसणवाटा". गेम सुरू असताना जिवंत माणूस तिथं नसतोच, तो फक्त गेमच्या माइकवर. मेला की स्वतःहून चॅनलमध्ये जायचं. फेरी संपली की सगळे तिथं येतात आणि भांडणं तिथंच मिटतात. गेममध्ये मेलेल्यांचं आपसात बोलणं चालतंच, मग हा चॅनल कशाला? कारण फेरी बदलताना, कुणी बाहेर फेकलं गेल्यावर किंवा होस्टची, म्हणजे ज्याच्या मशीनवर गेम चालतो त्याची, लाइट गेल्यावर गेमचा आवाज तुटतो आणि मग चौघं चार गावांत एकमेकांना फोन लावत बसतात.

इथं हमखास चुकतं ते बटण. फॅस्मोफोबियात जवळच्यांशी बोलायला V आणि रेडिओवर बोलायला B. डिस्कॉर्डलाही पुश-टू-टॉक (बटण दाबलं तरच माइक चालू) V वरच ठेवलं, तर एकाच दाबात आवाज दोन्हीकडं जातो. मग मेलेल्यांना एकमेकांचं बोलणं दोनदा ऐकू येतं, मधे थोडं अंतर ठेवून, एखाद्या रिकाम्या सभागृहात बोलल्यासारखं. डिस्कॉर्डला कीबोर्डच्या कडेचं एखादं बटण द्या. तिथंच बटण सोडल्यावर माइक किती वेळ चालू राहावा याचा स्लायडर आहे, तोही अगदी कमीवर आणा. जास्त ठेवला तर बटण सोडल्यावरची शिवी पण पुढं जाते.

ओपन माइक, म्हणजे सतत चालू राहणारा, उन्हाळ्यात वापरूच नका. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं खोलीत डेझर्ट कूलर नसेल तर बसवत नाही, आणि त्याची घरघर माइकला बोलण्यासारखीच वाटते. डिस्कॉर्डमध्ये नॉइज सप्रेशन आहे, ते बऱ्यापैकी गाळतं. पण गेमच्या माइकवर त्याचा काही उपयोग नाही. पुश-टू-टॉक ठेवा, कूलर पाठीमागं न ठेवता बाजूला ठेवा आणि माइक तोंडापासून चार बोटांवर आणा.

आता गेमनुसार. नियम सगळ्यात छान बसतो तो लीथल कंपनीत, कारण तिथं मेलेल्यांच्या हातात एक गोष्ट दिलेली आहे: जहाज लवकर निघावं म्हणून मत द्यायचं. मतं पडली की जिवंतांना स्क्रीनवर इशारा मिळतो. मेलेल्यांकडून येणारी तेवढीच बातमी, आणि ती पुरेशी भीतिदायक आहे. शिवाय तिथं माहितीला रोकडा भाव आहे. मेलेल्याचं प्रेत जहाजावर आणलं नाही तर माणसामागं २० टक्के पैसे कापतात, आणलं तर ८ टक्के. खात्यात ३०० असतील तर एक प्रेत सोडून आल्यावर ६० जातात, आणल्यावर २४. म्हणजे "मी पाइपाजवळ पडलोय" हे एक वाक्य ३६ क्रेडिटचं. मेलेल्याची जीभ वळवळते ती इथंच.

ज्याला सारखं सांगायची खाज आहे, त्याला जिवंतपणीच जहाजावर बसवा. मॉनिटरवर एकेकाला निवडून त्याच्या आजूबाजूचा नकाशा बघता येतो, बंद दारांचे आणि बंदुकांचे कोड दिसतात, ते टर्मिनलवर (जहाजावरच्या कॉम्प्युटरवर) टाकून तो दार उघडू शकतो. सुरुवातीला ६० क्रेडिट असतात. १२ ला एक याप्रमाणे दोन वॉकीटॉकी २४ ला, १५ ला एक याप्रमाणे दोन टॉर्च ३० ला, ६ उरतात. एक वॉकी जहाजावर, एक आत. पुढं पैसे जमले की ३७५ चा टेलिपोर्टर. जहाजावरच्यानं बटण दाबलं की प्रेतसुद्धा वर येतं, मग मेलेल्यानं जागा सांगायची गरजच राहत नाही. फक्त जिवंत माणसाला ओढलं तर त्याच्या हातातला माल खाली पडतो हे लक्षात ठेवा.

फॅस्मोफोबियात नियम पाळणं जड जातं. मेलेला माणूस घरात फिरू शकतो, बारीकसारीक वस्तू उचलून फेकू शकतो, पण फेरी लांबली तर कंटाळतो. इथं वस्तू फेकायला मुभा द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. गेमनं दिलेला हात वापरणं म्हणजे फितुरी नव्हे. जिवंतांना कप उडालेला दिसतो, तो भुतानं उडवला की आपल्या माणसानं ते कळत नाही, आणि हा गोंधळ मजेचा आहे. मात्र "एकदा फेकलं तर हो, दोनदा फेकलं तर नाही" असला संकेत आधी ठरवला की तो बोलण्याचाच प्रकार झाला. तो बंद.

रेपो २०२५ चा, सहा जणांपर्यंत खेळता येतो. मेलेल्याचं मुंडकं मागं राहतं. ते एक्स्ट्रॅक्शनच्या (माल जमा करायच्या) जागी किंवा ट्रकपर्यंत नेलं की माणूस परत उठतो. नंतरच्या अपडेटनं मुंडक्याला चार्ज असेपर्यंत उड्या मारायला आणि बोलायलाही दिलं. माझ्या मते या सगळ्या वादाचं हेच सगळ्यात चांगलं उत्तर आहे. आवाज आहे, पण मोजका, आणि तोही मुंडकं जिथं पडलंय तिथूनच येतो. तेवढ्या चार्जमध्ये "इकडं ये" म्हणायचं की रडायचं, ते त्याचं त्यानं ठरवावं.

पळवाटा सांगतो, कारण त्या निघणारच. व्हॉट्सअॅपवर "मागं बघ" येतं. स्क्रीन शेअर चालू राहतो. एकाच खोलीत किंवा गेमिंग कॅफेत शेजारी बसलात तर नियम संपलाच. हेडफोन कितीही चांगला असो, शेजारच्याचा श्वास रोखलेला कळतो. तिथं हा नियम लावूच नका, उघड बोला आणि वेगळा गेम खेळतोय असं समजा.

एक सवलत मात्र ठेवाच. मेलेल्यानं टेक्स्टमध्ये एकच शब्द टाकायचा, "नेट" किंवा "लाइट". पावसाळ्यात याची गरज रोज पडते. लीथल कंपनीत होस्ट गेला की सगळ्यांचा गेम जातो, त्यामुळं होस्ट तोच करावा ज्याच्याकडं इन्व्हर्टर आहे आणि राउटरला छोटा यूपीएस लावलेला आहे. ज्याचं मशीन भारी तो होस्ट, ही सवय सोडा.

वाट बघण्याचा वेळ. माझ्या हिशेबानं दहा मिनिटं ही हद्द आहे. त्यापुढं माणूस फोन हातात घेतो, जेवायला उठतो, किंवा बोलतो. पहिल्याच मिनिटाला मेलेल्यासाठी फेरी सोडून नवी सुरू करायची की नाही, हे आधी ठरवा. नव्या खेळाडूला पहिल्या दोन फेऱ्या सगळं मोकळं ठेवा. त्याला दार कुठल्या बटणानं उघडतं हे माहीत नसताना त्याच्यावर शांततेचा प्रयोग करण्यात काही राम नाही. तिसऱ्या फेरीपासून मात्र तोही मसणवाट्यात.