चष्मा 'योजनेत बसवून' देणारा

पतसंस्थेत लोकांचे फॉर्म भरून देण्यातच माझा दिवस जातो. तरीही मी फसलो. हे आधीच सांगून टाकतो.

आई त्र्याहत्तरची. गेल्या दिवाळीनंतर तिला दिव्याभोवती वलयं दिसायला लागली, देवाची पोथी हातभर लांब धरूनही वाचता येईना. आयुष्मानचं ज्येष्ठांचं कार्ड तिच्याकडं होतंच. सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न न बघता, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं. मग डोळ्यांचं काम कार्डावर व्हायला काय हरकत, असं मला वाटलं. तालुक्याला एसटी स्टँडासमोर चष्म्याचं एक दुकान आहे, काचेवर स्टिकर : 'आयुष्मान व फुले योजना चालेल'. सांगलीला कशाला जायचं, म्हणून तिथंच गेलो.

तपासणारा पोरगा गोड बोलायचा. यंत्रात आईला फुग्याचं चित्र दाखवलं, नंबर काढला आणि म्हणाला, "आजी, नंबर लई वाढलाय, प्रोग्रेसिव्ह काचा लागतील." काच बदलून बदलून दाखवली. आई प्रत्येक वेळी म्हणे, "धुरकटच दिसतंय रे." त्यावर तो, "नवीन चष्म्याची सवय होईस्तोवर असंच असतंय." इथंच मी जागं व्हायला हवं होतं.

मालकानं कार्डाचा फोटो काढला, एका यंत्रावर आईचा अंगठा घेतला. कशाला, ते मी विचारलंही नाही. (पुढं घाबरून आधी पासबुक भरून आणलं आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. सुदैवानं खात्याला हात लागला नव्हता.) मग म्हणाला, "आत्ता 4,600 भरा. फाइल वर पाठवतो, पंधरा दिवसांत आजींच्या खात्यावर पैसे परत." पावतीवर 'योजना' असा शिक्का मारून दिला. त्या शिक्क्यालाच मी भुललो.

पंधरा दिवसांचा महिना झाला. फोन केला की "साइट बंद आहे", मग "वरनं फाइल रिजेक्ट झाली". आई चष्मा लावूनही भिंत धरूनच चालायची.

शेवटी सांगलीच्या सिव्हिलला नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले, बघितलं आणि विचारलं, "चष्मा कुणी दिला? दोन्हीकडं मोतीबिंदू आहे, उजवा पिकत आलाय." डोळ्यातलं भिंगच गढूळ झाल्यावर कुठल्याही काचेनं काय दिसणार! नंबर काढणारा प्रामाणिक असता तर 'काचेनं फरक पडत नाही, डॉक्टरांना दाखवा' एवढं तरी म्हणाला असता. तपासणी फुकट झाली असती तरी माझा राग याच गोष्टीवर राहिला असता.

तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्याला, पावती दाखवली. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं सांगितलं ते असं : योजना अंगीकृत, म्हणजे तिच्या यादीतल्या, रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असते. बाहेरच्या दुकानातली तपासणी आणि चष्मा तीत बसतच नाही. आणि पैसे रुग्णालयाला मिळतात, रुग्णाच्या खात्यावर कधीच येत नाहीत. म्हणजे 'आधी भरा, मग परत येतील' हे वाक्य ऐकलं की पायात चपला घालायच्या. रुग्णालय खरंच यादीत आहे का, हे फुले योजनेसाठी 155388 वर विचारता येतं, आयुष्मानसाठी 14555. दोन मिनिटांचं काम, मी केलं नव्हतं.

आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया सिव्हिललाच झाली, आतल्या भिंगासकट. एक रुपया लागला नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यात होते, आणि मी बसलो होतो काचेवरचं स्टिकर वाचत.

दुकानात पुन्हा गेलो तर मालक म्हणाला, "काच तुमच्या नंबरची कापलीय, परत कशी घेऊ?" मी 1915 वर ग्राहक तक्रार नोंदवली, पावतीचा फोटो जोडला. आठवड्यात त्याचा फोन आला, "मिटवून टाकू." फ्रेमचे म्हणून 1,500 दिले. बाकीचे अजून यायचेत, तक्रार मागं घेतलेली नाही. परवा स्टँडावर उतरलो तेव्हा स्टिकर तिथंच होतं.